फर्माईश बंद

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या हॉटेल ‘रानवारा’मध्ये गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर लाल अक्षरांत एक पाटी रंगवलेली होती : ‘गाण्याची फर्माईश चालणार नाही.’ नवं गिऱ्हाईक ती वाचून हसायचं. बारमध्ये जायचं आणि आपलं गाणं मागायचं नाही, म्हणजे लग्नाला जायचं आणि पंगतीला बसायचं नाही! जुनी गिऱ्हाइकं मात्र हसत नसत. त्यांची नजर पाटीवरून आपसूक खाली यायची, गल्ल्यावर बसलेल्या सयाजीवर. सयाजी हा मालक हंबीररावांचा धाकटा भाऊ. त्याला डावा डोळा नव्हता.

त्र्याण्णव साली दुसऱ्याच एका बारमध्ये दोन टेबलांनी एकाच वेळी दोन गाणी मागितली होती. वेटरनं एकाचं आधी लावलं. सयाजी ना ह्या टेबलाचा ना त्या. तो हात धुवायला उठला होता, एवढंच. फुटलेल्या बाटलीनं कोण कुठला ते विचारलं नाही.

दोन वर्षांनी हंबीररावांनी स्वतःचा बार काढला. गडमुडशिंगीचा शेतकरी माणूस, दुधाच्या धंद्यातून हॉटेलात उतरलेला. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. गाणं ओळखीचं असलं की माणूस त्यावर मालकी सांगतो. ते एके दुपारी शाहूपुरीतल्या कॅसेटच्या दुकानात शिरले आणि काउंटरवरच्या तरण्या माणसाला म्हणाले, “पावणं, शब्द कुणाला कळणार न्हाईत असलं काय हाय काय तुमच्याकडं?”

तो तरणा माणूस म्हणजे प्रसेनजीत कुरणे.

प्रसेनजीत इचलकरंजीजवळच्या कबनूरचा. चोवीस तास माग चालणाऱ्या वस्तीत तो वाढला. वडील भाऊसो मागावर कामाला आणि गावोगावच्या जयंतीत, वर्षावासात, नव्या विहाराच्या उद्घाटनाला गायला. ‘भाऊसो कुरणे आणि पार्टी’ हे नाव इचलकरंजीपासून चिकोडीपर्यंत माहीत होतं. आई तानूबाई कोरसमध्ये असायची. कोरसमध्ये चार बायका होत्या, पण तिचा आवाज बाकीच्या तिघींच्या अंगावरून जायचा. भाऊसोंचा एक नियम होता आणि त्यात कधी सूट नव्हती : दारू पिलेल्या माणसापुढं बाबासाहेबांचं गाणं म्हणायचं नाही. मंडपात एखादा झिंगलेला दिसला की ते पेटीचा भाता बंद करायचे आणि त्याला उठवून नेईपर्यंत गप्प बसून राहायचे. एकदा हातकणंगल्याकडच्या एका गावात ते असे पाऊण तास बसून राहिले होते.

पोरगा सोळाव्या वर्षी पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागला. विसाव्या वर्षी त्याला गोव्यातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये काम लागलं आणि दोन हंगाम तो तिकडं राहिला. बँड थांबला की तिथं टेप लागायची. काळ्या अमेरिकन बायकांची पोटातून आलेली गाणी, डिस्को, आणि नुसत्या मशिनींवर बनवलेलं, ठोक्यावर ठोका चढवत जाणारं संगीत. आधी प्रसेनजीतला वाटलं, ह्यात गाणं कुठाय? मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की हे ऐकण्यासाठी लावलेलंच नाही. मॅनेजर जसा संध्याकाळी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करतो, तशी ही टेप लावतो. माणसं त्यात बसतात. तो हरखून गेला. पगार झाला की तो टेपा विकत घ्यायचा, नाहीतर रिकाम्या कॅसेटवर भरून घ्यायचा.

चौऱ्याण्णवला आई आजारी पडली म्हणून तो परत आला. ती गेली आणि मग त्याला गोव्याला जावंसं वाटलं नाही. कोल्हापुरात कॅसेटा भरून द्यायचं काम धरून तो राहिला.

त्या दुपारी त्यानं हंबीररावांना एक टेप ऐकवली. संथ चाल, जाड आवाजाची बाई. हंबीरराव डोकं कलतं करून ऐकत राहिले.

“ही बाई रडालीय का गाणं म्हणालीय?”

“दोनी,” प्रसेनजीत म्हणाला.

“मग हीच पायजे. हिचं काय कुणाला मागता येणार न्हाय.”

‘रानवारा’त गल्ल्याशेजारी लाकडी केबिन झाली. चार फूट बाय पाच. आत दोन डेक, मधे मिक्सर, समोर काच. एक खुर्ची आणि तिच्यावर बसलेला प्रसेनजीत. संध्याकाळी सहाला तो आत शिरायचा आणि काचेतून हॉल वाचायला लागायचा. माणसं यायला लागली की संथ गाणी. हॉल भरला की नाचाची चाल, पण पायानं ठेका धरण्यापुरतीच. कुणी उठून नाचायचं नाही. एखाद्या टेबलाचा आवाज चढला तर नवशिका माणूस पटकन टेपचा आवाज कमी करतो. तिथंच चुकतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. टेपचा आवाज पडला की माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो आणि शिवी स्पष्ट होते. आवाज तसाच ठेवायचा आणि चाल सैल करायची. दुसऱ्या डेकवर आधीच्यापेक्षा किंचित संथ टेप तयार ठेवायची, तिचा ठोका पहिल्या टेपच्या ठोक्याला जुळवायचा आणि कुणाच्या ध्यानातही न येता हॉल तिच्यावर नेऊन सोडायचा. चार-पाच मिनिटांत खांदे खाली यायचे. पाच वर्षांत ‘रानवारा’त एक ग्लास फुटला होता, तोही वेटरच्या हातून.

भाऊसोंना त्यानं सांगितलं होतं, “हाटेलात साउंड बघतो.” ते खोटं नव्हतं. पण कबनूरला गेला की तो हॉटेलचं नाव घेत नसे आणि वडीलही विचारत नसत. दोघं आईच्या फोटोखाली बसून जेवायचे आणि कामाबद्दल बोलायचे नाहीत.

निवडणुकीचं वर्ष आलं. वॉर्डात दोन गट समोरासमोर उभे होते. एका गटाच्या उमेदवाराचा पुतण्या पृथ्वीराज, तिशीतला, पांढऱ्या कपड्यातला, पाच-सहा पोरं बरोबर घेऊन ‘रानवारा’त यायचा. दुसऱ्या गटाचा आकाराम, ट्रकांचा मालक, बोलायला कमी आणि अंगानं आडवा. इतर वेळी दोघं एकमेकांना रामराम घालायचे. त्या महिन्यात त्यांनी टेबलं बदलली. एक दाराजवळ, एक केबिनजवळ, आणि दोघांच्याही पाठी भिंतीला.

प्रसेनजीत दिवस मोजत होता, आठ उरले, सात उरले. मतदान एकदाचं होऊ दे आणि ही माणसं परत एकमेकांकडं पाठ करून बसू देत.

मतदानाला पाच दिवस होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. हंबीरराव गावाकडं गेले होते. गल्ल्यावर सयाजी होता. पृथ्वीराजच्या टेबलावर सात माणसं, आकारामच्या टेबलावर नऊ. बाकी हॉलमध्ये नेहमीचे लोक : दोन बँकवाले, एक शाळामास्तर, टिंबर मार्केटमधले काहीजण. प्रसेनजीतनं सातलाच नाचाची चाल सोडून दिली होती. तरी हॉल खाली येत नव्हता. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, हेच वाईट होतं. माणसं ग्लास उचलत होती आणि न पिता खाली ठेवत होती.

पृथ्वीराज उठला. खिशातून एक कॅसेट काढून त्यानं गल्ल्यावर ठेवली.

“काकांचं गाणं हाय. प्रचाराचं. लावा.”

सयाजीनं मागच्या पाटीकडं बोट केलं.

“ती पाटी दारू पिणाऱ्यांस्नी हाय. मी काय पिलेलो न्हाय अजून.”

“पाटी सगळ्यांस्नी हाय, पृथ्वीराजबापू.”

पृथ्वीराजनं कॅसेट उचलली आणि तो सरळ केबिनकडं आला. दाराला आतून कडी होती, पण प्रसेनजीतनं ती कधी लावली नव्हती. दार उघडलं. पृथ्वीराज आत, त्याच्या मागं एक पोरगा दारात. चार बाय पाचच्या जागेत उभं राहायलाही जागा उरली नाही.

“लाव.”

“साहेब, इथं फर्माईश...”

“ही फर्माईश न्हाय. सांगालोय.”

प्रसेनजीतनं काचेतून पाहिलं. आकारामच्या टेबलावरच्या दोन खुर्च्या केबिनच्या दिशेला वळल्या होत्या. त्या गाण्याची पहिलीच ओळ उमेदवाराच्या नावाची होती आणि दुसऱ्या ओळीत समोरच्या उमेदवाराची खिल्ली होती. दिवसभर रिक्षावर तेच वाजत होतं. ते हॉलमध्ये वाजलं की नऊ माणसं उठणार. पहिल्या डेकवरची टेप संपायला चार मिनिटं उरली होती. दुसऱ्या डेकमध्ये त्यानं संथ टेप लावून ठेवली होती, त्या जाड आवाजाच्या बाईची. चार मिनिटांत ती सुरू झाली नाही तर हॉल मुका होणार होता, आणि मुका हॉल त्याला सगळ्यात जास्त भिववायचा.

पृथ्वीराजनं दुसऱ्या डेकचं बटण दाबून ती टेप बाहेर काढली आणि आपली आत घातली. बटण दाबलं. चकत्या फिरायला लागल्या. आवाज मात्र आला नाही. कारण मिक्सरवरची दुसऱ्या डेकची दांडी खाली होती आणि त्या दांडीवर प्रसेनजीतचं बोट होतं.

“आवाज कुठनं येतोय ह्याचा?”

पृथ्वीराजनं बटणांच्या, घुंड्यांच्या गर्दीवरून नजर फिरवली. एक घुंडी फिरवून बघितली. हॉलमधला ठोका थोडा भरडा झाला, एवढंच. तोवर दारातल्या पोरानं फळीवरून एक निळ्या लेबलची कॅसेट उचलली.

“बापू, हे बघा की. भाऊसो कुरणे आणि पार्टी, कबनूर.”

वडिलांच्या पार्टीची ती एकच कॅसेट निघाली होती, एकोणनव्वद साली. घरची प्रत घासून घासून जायला आली होती, म्हणून दुपारी बार रिकामा असताना तो ती इथल्या चांगल्या डेकवर उतरवून घेत होता. त्यात आई होती.

पृथ्वीराजनं लेबलावरचा फोटो बघितला, मग प्रसेनजीतकडं. “तू भाऊसो कुरण्याचा व्हय? मग सांगायचं की लका आधी.” तो हसला आणि मोठ्यानं, हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, “आमचं लावायचं नसंल तर तुमचं लाव. बापाचं लाव तुझ्या. आमी नाचतो त्याच्यावर. लाव की!”

त्याच क्षणी हॉल पांढराफटक झाला. सयाजीनं गल्ल्यावरून उठून सगळ्या ट्यूबलाइट लावल्या होत्या. पाच वर्षांत त्या फक्त झाडलोट करताना लागायच्या. सगळ्यांचे चेहरे एकदम उघडे पडले. मास्तरांनी मान खाली घातली, बँकवाल्यांपैकी एकानं पेपर वर धरला. पण कुणी उठून गेलं नाही. तीसेक माणसं केबिनच्या काचेकडं बघत होती.

“द्या ती इकडं,” प्रसेनजीत म्हणाला.

“लावतोस काय? दोनातलं एक लाव.”

त्यानं डाव्या हातानं निळी कॅसेट पोराच्या हातातून ओढून शर्टाच्या आत टाकली. उजवं बोट दांडीवरच होतं. पृथ्वीराजनं जातीचं नाव घेऊन एक शिवी दिली आणि फळीवरचा काचेचा जाड अॅश-ट्रे उचलून त्याच्या डाव्या कानशिलावर हाणला.

प्रसेनजीत खुर्चीतून पडला नाही, कारण पडायला जागाच नव्हती. डावीकडं एक लांब शिट्टी सुरू झाली आणि तिच्या पलीकडचं सगळं बंद झालं. मानेवरून ऊन ऊन काहीतरी उतरत होतं. काचेतून त्याला आकाराम उठलेला दिसला. आकारामच्या मागं आठजण. पृथ्वीराजची पोरंही उभी. कोणाच्या तरी हातात बाटली उलटी धरलेली. पृथ्वीराजचंही लक्ष आता काचेपलीकडं होतं.

टेपचं एक मिनिट उरलं असेल.

पुढं त्याला कितीदा विचारलं लोकांनी, की तेव्हा तुझ्या डोक्यात काय होतं? डोक्यात एवढंच होतं, की हॉल मुका होऊ द्यायचा नाही. त्यानं प्रचाराची कॅसेट बाहेर काढली, संथ टेप आत घातली, ती सुरू केली. हेडफोन लावून ठोका जुळवणं शक्य नव्हतं. शिट्टीपुढं ठोका नीट ऐकू येत नव्हता. म्हणून त्यानं डावा तळवा केबिनच्या फळीला लावला. हॉलमधला ठोका लाकडातून हाताला लागत होता. दुसरा ठोका त्यानं हेडफोनची वाटी हनुवटीनं गळ्याच्या हाडावर दाबून तिथं शोधला. एक पुढं, एक मागं. वेगाची चकती केसभर फिरवली. आता बरोबर. पहिली दांडी खाली, दुसरी वर. त्या झगझगीत उजेडात ती बाई गायला लागली.

आकाराम केबिनच्या दारात आला. त्यानं प्रसेनजीतचा भिजलेला खांदा बघितला, पृथ्वीराजच्या हातातला अॅश-ट्रे बघितला आणि आपल्या माणसांकडं वळून म्हणाला, “बसा रं खाली.”

“आवो पण...”

“बसा म्हणालोय न्हवं? हात त्यानं घाटलाय. सगळ्यांनी बघितलंय. उद्या त्याचंच नाव हू दे.”

दया वगैरे काही नव्हती त्यात, हिशेब होता. पण माणसं बसली. पृथ्वीराजनं आजूबाजूला बघितलं, तीस उघडे चेहरे त्याच्याकडं बघत होते. त्यानं अॅश-ट्रे खाली ठेवला, जणू जागेवरच ठेवला, आणि पोरं घेऊन निघून गेला. दारातून ओरडला, “परत येतो मी.”

सयाजीनं प्रसेनजीतला स्कूटरवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. टाके पडले. पट्टी बांधून त्याला खाटेवर निजवलं तोवर हंबीरराव गावाकडून धावत आले. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि हळू आवाजात बोलायला लागले. उजवा कान चालू होता, त्यामुळं प्रसेनजीतला सगळं ऐकू येत होतं.

“हे बघ, तुला मी कधी नोकर मानलं न्हाय. पण उद्या माझं लायसन त्यांच्या हातात हाय. आता डाक्टर येईल, इचारंल. पाय घसरून पडलो म्हण. दवाखान्याचं सगळं माझ्याकडं. निवडणूक झाली की मी त्याला तुझ्या पायावर आणून घालतो, आईशप्पथ!”

प्रसेनजीत छताकडं बघत राहिला. ह्याच माणसानं त्याला केबिन बांधून दिली होती. पाच वर्षांत एकदाही ‘तुमची लोकं’ असा शब्द ह्याच्या तोंडून आला नव्हता. नाही म्हणणं सोपं नव्हतं.

डॉक्टर आले. वही उघडली. “कशानं लागलं?”

प्रसेनजीतनं तोंड उघडलं तेव्हा दारात भाऊसो उभे दिसले. कोणीतरी कबनूरला फोन केला होता. पांढरा सदरा, हातात पिशवी. ते आत आले नाहीत, पुढं झाले नाहीत. पोरगा काय बोलतो एवढंच बघत उभे राहिले.

“मारलंय,” प्रसेनजीत म्हणाला. “हॉटेल रानवारा बारमध्ये. मी तिथं टेप लावतो.”

हंबीरराव शेजारच्या स्टुलावर बसले. सयाजी पुढं होऊन डॉक्टरांना म्हणाला, “मी बघितलंय. माझं पण नाव घाला.”

“सयाजी!” हंबीरराव म्हणाले.

“दादा, माझ्या डोळ्याच्या टायमाला कोणच बोललं न्हाय. मीबी न्हाय बोललो. आता बोलतो.”

सगळे गेल्यावर भाऊसो खाटेजवळ आले. पिशवीतून त्यांनी भाकरीची चवड काढून कपाटावर ठेवली.

“बाबा, मी तुमाला हाटेल म्हणून...”

“ठावं हाय मला. चार वर्सं झाली. सायझिंगच्या कारखान्यातला एकजण यायचा तिथं.”

“मग बोलला न्हाईसा?”

“तू लपवत होतास. म्हंजे तुला काय ते कळत होतं. मी आनि काय सांगू?” सयाजीनं जाताना त्यांना कॅसेटचं सगळं सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, “कॅसेट वाजली काय तिथं?”

“न्हाय.”

प्रसेनजीतनं उशाखालून निळी कॅसेट काढून दिली. लेबलावर एका कोपऱ्याला रक्त लागलं होतं. भाऊसोंनी ती सदऱ्याच्या टोकानं पुसली.

“गेली असती तर गेली असती,” ते म्हणाले. “कान कशाला घालवलास?”

“आईचा आवाज हाय त्यात.”

भाऊसो खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. सकाळी दोघं पोलीस ठाण्यात गेले. फौजदार म्हणाला, मारहाणीचं लिहितो, जातीचं कशाला काढता, मिटायचं प्रकरण चिघळेल. भाऊसो बाकड्यावर बसले, “लिहिस्तोवर बसतो,” म्हणाले, आणि बसले. दुपारी दोनपर्यंत बसले. अॅट्रॉसिटीचं कलम लागलं तेव्हाच उठले.

त्यानंतर निकाल लागेपर्यंतची चार वर्षं प्रसेनजीतला नीट झोप लागली नाही. शाहूपुरीतून जाताना मागून गाडीचा आवाज आला की तो दुकानाच्या पायरीवर चढायचा. आणि आवाज कुठल्या बाजूनं आला तेच त्याला कळायचं नाही. डावा कान कायमचा गेला होता. ‘रानवारा’तलं काम सुटलं. हंबीररावांनी काढलं नाही, ह्यानंच पाऊल ठेवलं नाही. पृथ्वीराजचा काका निवडून आला. दोन वर्षांत दोन्ही गट एक झाले, आणि एके सकाळी आकाराम मिठाई घेऊन दारात उभा राहिला.

“आता आमच्यात काय न्हाय, कुरणे. तुमीबी सोडा.”

“तुमी साक्षीदार हाय न्हवं?”

“होतो,” आकाराम म्हणाला. मिठाईचा पुडा उंबऱ्यावर ठेवून तो गेला.

तीस माणसांनी बघितलं होतं. कोर्टात सांगायला एकटा सयाजी उभा राहिला. समोरच्या वकिलानं त्याला घोळात घेतलं. बारमध्ये अंधार असतो ना? असतो. तुम्हाला एकच डोळा आहे ना? हाय. मग मारणारा कोण ते कसं दिसलं?

“ट्यूबलाइट मीच लावली होती साहेब,” सयाजी म्हणाला. “दिसावं म्हणूनच लावली होती.”

जातीचं कलम टिकलं नाही. शिवी ऐकल्याचं दुसऱ्या कोणी सांगितलं नाही आणि तिथं सयाजीचं एकट्याचं सांगणं पुरलं नाही. मारहाण शाबीत झाली. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. पृथ्वीराज दिवसभर कोर्टातल्या बाकावर बसून राहिला आणि संध्याकाळी गाडीत बसून गेला. भाऊसो बाहेर येऊन नळावर पाणी प्याले आणि म्हणाले, “दिवसभर बसला तरी.” त्यांनी ते कडवटपणे म्हटलं की समाधानानं, ते प्रसेनजीतला कधीच ठरवता आलं नाही.

मधल्या काळात, दोन हजार दोन साली, त्याचं लग्न झालं होतं. सोनम गडमुडशिंगीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. दोघं तिथंच दोन खोल्यांत राहायला गेली. प्रसेनजीतनं जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरी बसून बारसाठी सीड्या बनवायला लागला. आता कुणाच्या टेपा जोडायच्या नाहीत, ठोके स्वतःच बसवायचे. संध्याकाळी सहाचं वेगळं, आठचं वेगळं. शब्द नाहीत. हळूहळू शाहूपुरीतले, इचलकरंजी रोडचे, निपाणीकडचे बार त्याच्या सीड्या लावायला लागले. ‘रानवारा’तही लागायच्या, सयाजी येऊन घेऊन जायचा. प्रसेनजीत स्वतः मात्र परत कुठल्या बारमध्ये गेला नाही. आपलं संगीत भरल्या हॉलमध्ये कसं वाजतं ते त्यानं ऐकलेलं नाही.

अडचण होती ती कानाची. स्पीकर दोन आणि कान एक. डावीकडं काय चाललंय, ते त्याला कळायचंच नाही. पहिल्या सीडीवर एकीकडचा ठोका इतका जड झाला, की एका बारमालकानं स्पीकर फुटला म्हणून मेकॅनिक बोलावला. मग तो सोनमला बसवायला लागला. तिला गाण्याचा काडीइतका नाद नव्हता. ड्युटीवरून दमून आलेली असायची, भाजी निवडता निवडता बसायची.

“डावीकडं जास्त हाय काय?”

“हाय थोडं.”

“थोडं म्हंजे किती?”

“आता मीठ हाय का ते? थोडं म्हंजे थोडं.”

तो घुंडी फिरवायचा. “आता?”

“आता कमी झालं.”

“कमी का बरोबर?”

ती भाजी खाली ठेवायची, डोळे मिटायची. त्याचा जीव त्या दोन क्षणांत टांगलेला असायचा, केबिनमध्ये असायचा तसा. तो तिच्या चेहऱ्याकडं बघत राहायचा.

“परत लाव,” सोनम म्हणायची. “मधनं एक काय तरी डावीकडनं पलीकडं गेलं. ते ऐकू दे मला नीट.”